खपाची रेघ

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. लेकीची अट आहे. ती परगावी शिकते, वय एकवीस, आणि बापाला फोनवर शहाणपण शिकवते. "बाबा, कुठला शेअर का घेतला, का विकला, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. नंतर आपल्याला सोयीचं तेवढंच आठवतं." माझं ट्रेडिंगचं खातं तिनेच उघडून दिलं, त्यामुळे ऐकणं भाग आहे.

आमचं वर्तमानपत्र बंद पडून चार महिने झाले. मी खप विभागात बावीस वर्षं होतो. किती अंक छापले, किती विकले, किती परत आले, हे रोज सकाळी सांगणारा माणूस. आत काय छापलंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. आता ही सकाळी साडेसातला कॅन्टीनला जाते आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बाजार बघतो. हिचं कॅन्टीन एका आठमजली ऑफिसच्या इमारतीत, तळमजल्यावर. सध्या घर त्याच्यावर चालतं. हे लिहिताना हात अडखळला, पण आहे ते आहे.

पहिल्या आठवड्यात डोकं गरगरलं. शंभर प्रकारचे आलेख, भाव कुठे जाईल ते सांगणारे शंभर इंडिकेटर. मग किमतीच्या आलेखाखाली त्या उभ्या काठ्या दिसल्या. त्या दिवशी किती शेअर्सची देवघेव झाली ते दाखवणाऱ्या. व्हॉल्यूम म्हणतात त्याला. अरे, हा तर खप! किंमत म्हणजे मथळा. मथळा कोणालाही मोठा करता येतो. खप मात्र माणसं करतात. हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ऑन बॅलन्स व्हॉल्यूम. नाव भारदस्त, काम वाण्याच्या दुकानातलं. दिवस चढून बंद झाला तर त्या दिवसाचा व्हॉल्यूम बेरजेत मिळवायचा, उतरून बंद झाला तर वजा करायचा. त्या चालत्या बेरजेची एक रेघ होते. किंमत जागच्या जागी आणि रेघ मात्र वर चाललेली दिसली, की समजायचं कोणीतरी गाजावाजा न करता माल गोळा करतंय. मी तिला खपाची रेघ म्हणतो.

रंग बनवणारी एक कंपनी आहे. तीन आठवडे किंमत ढिम्म हलत नाही, रेघ चढतेय. थोडे शेअर घेतले. कारण: रेघ. (लेकीसाठी लिहिलं.)

१२ फेब्रुवारी, गुरुवार

रंगाची कंपनी वर गेली. मी जेवताना सहज विषय काढला, म्हणजे तिसऱ्यांदा काढला. ही म्हणाली, "छान झालं. आता आपल्या स्वयंपाकघराला पण लागू द्या थोडा रंग." हसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी घरात काहीतरी मी आणल्यासारखं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फोरमनचा फोन. हा आमचा छपाईच्या मशीनवरचा जुना मित्र. तासभर जुन्या गप्पा. त्याने त्या चार हजार अंकांची आठवण काढली आणि हसून हसून माझं पोट दुखलं. शेवटच्या तीन वर्षांत मालकांचा हुकूम होता, रोज चार हजार अंक जास्त छापायचे. पुढच्या दाराने वितरकांचे गठ्ठे, मागच्या दाराने हे चार हजार, थेट रद्दीवाल्याच्या टेम्पोत. जाहिरातदारांना खप फुगवून दाखवायचा म्हणून. मी रोज ते माझ्याच हाताने 'विक्री' या रकान्यात लिहायचो. फोरमन म्हणाला, "आपला सगळ्यात एकनिष्ठ वाचक तो रद्दीवाला. एक दिवस खाडा केला नाही गड्याने."

फोन ठेवता ठेवता त्याने एका क्रिप्टो नाण्याचं नाव सांगितलं. तो स्वतः त्यात आहे. बघतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बघितलं आणि बघतच राहिलो. नाण्याला एका फळाचं नाव दिलंय, ते सोडा. रेघ बघावी. शेअर्सच्या रेघा अडखळत, धापा टाकत चढतात. ही पायऱ्या चढावी तशी चढतेय. व्हॉल्यूम इतका नियमित की बावीस वर्षांत मी असा खप पाहिला नाही. सकाळ नाही, दुपार नाही, रविवार नाही. गर्दी हटतच नाही.

संध्याकाळी ही जरा खुशीत होती. कॅन्टीनशेजारचा गाळा रिकामा झालाय, झेरॉक्सवाला सोडून गेला. मधली भिंत काढली तर बसायची जागा दुप्पट होईल. सहा वर्षं ही त्या भिंतीकडे बघत आलीय. इमारतीच्या मॅनेजरची अट एकच: पूर्ण अनामत एकतीस मार्चच्या आत. नाहीतर एक चष्मेवाला पैसे घेऊन तयार आहे. आमचे पैसे जमलेत, हिची बचत आणि मला नोकरी सुटताना मिळालेले, मिळून बरोबर तेवढे. जोडखात्यात आहेत. ही म्हणाली, "अठ्ठावीस मार्चला जाऊन देऊन येऊ." मी म्हटलं, अजून सव्वा महिना आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

केलं. गाळ्याच्या पैशांतले निम्मे नाण्यात टाकले. कारण: रेघ. महिन्याभरात अनामत भरून वर टेबलं-खुर्च्यांचं भागेल. हिला आत्ताच सांगत नाही. आधी फायदा दाखवीन, मग सांगीन. एकदम सांगितलं की तिचा चेहरा कसा होईल ते बघायचंय.

संध्याकाळी चहा पिताना हिने विचारलं, "आज काही विशेष?" म्हटलं, काही नाही. दमलेली वाटली. फोन टेबलावर पालथा ठेवून बराच वेळ गप्प बसली होती. कॅन्टीनमध्ये फार राबते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवसांत शंभराचे एकशे सहा झाले! पाय जमिनीवर नाहीत. ही अजून गप्पगप्पच. "काही सांगायचंय का?" म्हणाली. मी म्हटलं, हो, नळाचा वायसर गेलाय. तिने मान हलवली.

४ मार्च, बुधवार

एकशे नऊ. ही सकाळी निघताना म्हणाली, "गाळ्याचे पैसे एका जागी आहेत ना?" मी म्हटलं, "पैसे कुठे जातात?" उगाच काळजी करते.

६ मार्च, शुक्रवार

हिची मदतनीस रजेवर, म्हणून मला गल्ल्यावर बसवलं. सव्वाबारापर्यंत माशा मारत होतो. मग लिफ्टचं दार उघडायचा अवकाश, माणसं नुसती लोटली. सूप, भात, अंडी, पाव, कोणाला सुटे हवेत, कोणाला काटा मिळाला नाही. दोन वाजता बघतो तर सगळं सामसूम. ही खुर्चीवर टेकली आणि चहाचा पेला घेतला. मला राहवेना. एका मित्राचं म्हणून तिला फोनवर त्या नाण्याचा व्हॉल्यूम दाखवला, तासातासाचा.

हिने चष्मा वर करून नीट पाहिलं. "या काठ्या म्हणजे गिऱ्हाइकं?"

"तसंच समज."

"सगळ्या सारख्या कशा?"

"तीच तर गंमत आहे. सतत मागणी."

"ही माणसं जेवत नाहीत का?"

मी समजावलं की हे जगभर चालतं, चोवीस तास. कुठे दुपार तर कुठे पहाट.

"असेल," ही म्हणाली. "पण मला सहा वर्षांत दोन दिवस एकसारखे गेलेले आठवत नाहीत. सोमवारी सूप उरतं, शुक्रवारी पुरत नाही. पगाराच्या दिवशी अंडी संपतात. माणूस आला की वर-खाली होणारच."

कॅन्टीन आणि बाजार यात फरक असतो, असं मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं. तिने पेला विसळला आणि कामाला लागली.

८ मार्च, रविवार

तिला चूक दाखवून द्यायची म्हणून सकाळी बसलो.

आधी मोठी, जुनी नाणी काढली. त्यांचाही बाजार चोवीस तास. पण तिथे व्हॉल्यूम श्वास घेतो. मोठे बाजार उघडले की उसळतो, शनिवार-रविवारी मंदावतो, बातमी आली की उडी मारतो. रंगाच्या कंपनीचे शेअर बघितले. सकाळी गर्दी, दुपारी ओहोटी, बंद होताना परत गर्दी. साडेबारा ते दीड तर स्वच्छ खड्डा. लोक जेवायला गेलेले असतात.

मग माझं नाणं. दर तासाला तेवढाच व्हॉल्यूम. आत शिरून एकेक सौदा पाहिला. एक खरेदी, एक विक्री, एक खरेदी, एक विक्री, आकडे जवळजवळ तेच. आज रविवार आहे आणि यांना त्याचा पत्ताच नाही. कोणीतरी या खिशातून त्या खिशात घालतंय आणि दर वेळी त्याची 'उलाढाल' म्हणून नोंद होतेय. किंमत रोज केसभर वर ठेवली की प्रत्येक दिवस चढून बंद, आणि माझी लाडकी रेघ पायऱ्या चढतेय. बेरीज बरोबर होती. बेरजेला जे घेतलं ते खोटं होतं.

चार हजार अंक. मागचं दार. टेम्पो.

तीन वर्षं मी तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. परवा त्यावर पोट धरून हसलो. आणि तीच चलाखी समोर आली तर ओळखता आली नाही, उलट कौतुक करत बसलो. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

९ मार्च, सोमवार

सगळं एकदम विकायला गेलो आणि तिथेच अडकलो. स्क्रीनवर लाखांची उलाढाल, पण माझा माल घ्यायला खरी माणसं किती? पाच-सात, आणि तीही चिल्लर घेणारी. सगळं एका दमात विकलं तर भाव तिसऱ्या हिश्शावर येतो. ती गर्दी दाखवण्यापुरती होती, माल विकत घेणारी नव्हती.

थोडं थोडं विकतोय. कोणी खरा घेणारा आला की तेवढंच. फोरमनला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू पहिल्यापासून घाबरट." मी म्हटलं, "अरे, तो टेम्पो आठव." त्याने फोन ठेवला.

११ मार्च, बुधवार

अर्धं निघालं. भाव घसरतोय. माझ्यामुळेच असावा.

१३ मार्च, शुक्रवार

दुपारी तीनला शेवटचा तुकडा विकला. टाकले त्यातले रुपयाला बारा आणे परत आले. तासाभरात नाणं कोसळलं. चोवीस तास चालणारी ती गर्दी एकदम थांबली. एक काठी नाही. फोरमनचा फोन आला. त्यानेही परवा निम्मं काढलं होतं. आभार वगैरे मानले नाहीत. "रद्दीवाला," एवढंच म्हणाला.

उद्या हिला सांगायचं.

१४ मार्च, शनिवार

सकाळी चहा मी केला. हिला बसवलं.

"तुला एक सांगायचंय."

"सांगा."

सगळं सांगितलं. किती, कधी, का, किती परत आलं. मित्राचं म्हणून दाखवलेलं ते आपलंच होतं, हेही. ही पेल्यात बघत ऐकत होती. मग म्हणाली, "चोवीस फेब्रुवारी. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी."

"तुला कसं कळलं?"

"बँकेचा मेसेज माझ्या फोनवर येतो. तुमचा ऑफिसने दिलेला नंबर ऑफिसबरोबरच बंद झाला ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा विचारलं."

मी ही वही काढली, मागची पानं चाळली. चोवीस फेब्रुवारी, सत्तावीस फेब्रुवारी, चार मार्च. तिन्ही माझ्याच अक्षरात. मान वर करवेना.

ही म्हणाली, "पैसे कमी झाले त्याचं वाईट वाटतंच. पण मी नाही म्हणेन हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही विचारलंच नाही. त्याचं जास्त वाटतं."

मी म्हटलं, चुकलं माझं. खरंच चुकलं. ती म्हणाली, "ते दिसतंय. सोमवारपासून साडेसातला माझ्याबरोबर निघायचं. घरी बसून गर्दी मोजण्यापेक्षा तिथे येऊन मोजा." रागावली आहे. पण बरोबर चल म्हणाली, हे मी धरून बसलोय.

१६ मार्च, सोमवार

अनामतीच्या आठव्या हिश्शाइतकी खोट आलीय. ही मॅनेजरना भेटून आली. ते म्हणाले, पूर्ण म्हणजे पूर्ण. या माणसाला हसताना इमारतीत कोणी पाहिलेलं नाही.

मी गल्ल्यावर. दर पाच मिनिटांनी किती ताटं गेली ते टिपतोय. सवय आहे हो, हात गप्प बसत नाही. एक ते दीडमध्ये ताटं वाढायला हवीत, तर ती एका आकड्याला अडकून राहतात. भूक वाढते आणि खप तेवढाच. असं का?

१७ मार्च, मंगळवार

कळलं. गल्ला सोडून दाराशी उभा राहिलो. लिफ्टमधून माणसं येतात, रांग बघतात आणि मागे वळतात. व्हॉल्यूम फक्त विकलेलं दाखवतो. जे न घेता गेले त्यांची काठी कुठल्याच आलेखात नसते. बावीस वर्षं 'परत आलेले अंक' मोजले. परत गेलेला वाचक मोजायचं कधी सुचलं नाही.

आजपासून दोन रकाने. जेवले, वळले. आज वळलेले सदतीस.

२० मार्च, शुक्रवार

वळलेले चोपन्न. ही एका हाताने सूप वाढता वाढता म्हणाली, "एवढे?" तिला आतून कधी दिसलेच नव्हते ते. पळीतलं सूप तसंच राहिलं.

लेकीचा फोन. तिला सगळं खरं सांगितलं. बाजार सोडणार का, विचारलं तिने. नाही म्हटलं. रंगाची कंपनी आहेच, माझ्या हातखर्चापुरतं करीन आणि आईला विचारून करीन. "आणि आता इंडिकेटर कुठला?" म्हटलं, जेवणाची सुट्टी. ज्याच्या व्हॉल्यूममध्ये जेवणाची सुट्टी दिसत नाही त्याच्या वाटेला जायचं नाही. मोठ्याने हसली. मग म्हणाली, "हे आईने शोधलं ना?" पोरगी चांगली आहे, पण बोलायला फटकळ.

२५ मार्च, बुधवार

सात दिवसांचा आलेख मोठ्या कागदावर काढला. खाली जेवलेल्यांच्या काठ्या, वर लाल पेन्सिलीने वळलेल्यांच्या. एक ते दीडमध्ये लाल काठ्या खालच्यांच्या डोक्यावर चढून बसल्यात. हिला दाखवला. तिने बोटाने एकेक दिवस बघितला आणि म्हणाली, "हा खोटा नाही ना?" मी म्हटलं, प्रत्येक काठी मी दाराशी उभं राहून मोजलीय. ती म्हणाली, "मग उद्या चला माझ्याबरोबर वर."

२६ मार्च, गुरुवार

गेलो. मॅनेजरच्या टेबलावर चष्मेवाल्याचा अर्ज पडलेला मला दिसला, हिलाही दिसला. हिने सरळ सांगितलं, "अनामतीत आठवा हिस्सा कमी आहे. तीन महिन्यांत पुरा करू. पण त्याआधी हे बघा." मी कागद पसरला. दोन रकाने समजावले. माझा आवाज कापत होता. वर्तमानपत्रात मी मालकांसमोर बावीस वर्षं आकडे वाचले, तेव्हा कधी कापला नाही. तेव्हा ते खरे असायलाच हवेत असं नव्हतं.

मॅनेजरनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग लाल काठ्यांवरून बोट फिरवत एकोणीस तारखेपाशी थांबले.

"एक वाजून दहा मिनिटं. वळलेले अकरा."

"हो."

"त्यातला एक मी आहे." बोट पुढे सरकलं. "वीस तारखेलाही. तेवीसलाही. गेलं वर्षभर मी दुपारी इथे बसून बिस्किटं खातोय."

मी चेहरे बघत नाही, आकडे बघतो. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हिने मात्र पदर सावरला आणि गंभीरपणे म्हणाली, "साहेब, बिस्किटांवर किती दिवस काढणार?"

ते हसले. मी तारीखवार नोंद करून ठेवतोय.

म्हणाले, आठही मजले त्यांच्याकडे रोज तक्रार करतात, पण किती माणसं उपाशी परत जातात ते आजवर कोणी मोजून आणलं नव्हतं. चष्मा काय, माणूस दोन वर्षांतून एकदा घेतो. अर्ज उचलून खणात टाकला. उरलेल्या हिश्शाला जूनअखेरपर्यंत मुदत.

जिना उतरताना ही माझ्या पुढे होती. मध्येच थांबली, वळली नाही. म्हणाली, "कागद चांगला काढला होता." बावीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं ती वळली नाही.

१३ एप्रिल, सोमवार

मधली भिंत गेली. रंग ओला आहे, दोन टेबलं अजून यायचीत, पण आज उघडलं. सव्वाबाराला मी वही आणि पेन्सिल घेऊन दाराशी उभा. लिफ्ट उघडली, माणसं आली, पसरली, बसली. एक वाजला. एक-दहाला मॅनेजर आले, ताट घेतलं, खिडकीशी बसले. 'वळले' या रकान्यात एक आकडा नाही. दीड वाजेपर्यंत उभा राहिलो, विश्वास बसेना. कोणीतरी वळेल म्हणून वाट बघत होतो.

शेवटी आतून ही आली. कपाळाला घाम, हातात उष्ट्या ताटांची चळत. माझ्या वहीत डोकावली, कोरा रकाना बघितला आणि पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

"अहो, मोजताय काय आता? ताटं उचला."

मी बाह्या सारल्या.